बायबलमध्ये ‘भिऊ नको’ खरंच 365 वेळा लिहिलंय का? आणि देवावर विश्वास ठेवला की भीती जाते का?

व्हॉट्सॲप स्टेटसला किंवा इन्स्टाग्राम रीलवर हा मेसेज तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. ‘बायबलमध्ये भिऊ नको हे शब्द 365 वेळा आलेत. म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक.’ मागे समुद्राचा फोटो, खाली हात जोडलेले इमोजी.

वाचायला छान वाटतं. पण हे खरं आहे का? आणि ख्रिस्ती धर्मात ‘देवावर विश्वास ठेव, भिऊ नको’ असं म्हणतात, तेव्हा नेमकं काय सांगायचं असतं? समजून घेऊया.

आधी आकड्याचं बघू

365 हा आकडा बरोबर नाही. बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आणि नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. भाषांतरानुसार शब्द बदलतात, त्यामुळे मोजणीही थोडी बदलते. पण ‘भिऊ नको’, ‘भिऊ नका’ किंवा तशाच अर्थाचे थेट शब्द मोजले तर आकडा शंभराच्या आगेमागे राहतो.

दुसरी गंमत म्हणजे जुना करार लिहिणाऱ्या समाजाचं वर्ष 365 दिवसांचं नव्हतंच. ज्यू कॅलेंडर चंद्रावर चालतं. साधं वर्ष साधारण 354 दिवसांचं आणि मेळ घालायला, आपल्या पंचांगासारखाच, एक जादा महिना. त्यामुळे ‘रोज एक’ हा हिशोब नंतरच्या लोकांनी जुळवलेला आहे.

पण आकडा चुकला म्हणून मुद्दा संपत नाही. हे शब्द कुणाला सांगितले गेले, हे जास्त महत्त्वाचं आहे.

हे शब्द कुणाच्या वाट्याला आले?

उत्पत्तीच्या पुस्तकात ते अब्राहामाला ऐकू येतात. वय झालंय, मूल नाही, पुढे काय होणार माहीत नाही. मग हागारला. ही अब्राहामाच्या घरातली दासी. तिला मुलासकट घराबाहेर काढलंय, वाळवंटात पाणी संपलंय आणि डोळ्यांसमोर मूल मरेल या भीतीने ती दूर जाऊन बसलीय. नव्या करारात येशूच्या जन्माच्या रात्री हेच शब्द रानात मेंढरं राखणाऱ्या गरीब मेंढपाळांना सांगितले जातात.

म्हणजे ज्यांच्याकडे घाबरायला खरंखुरं कारण आहे, अशाच माणसांना हे सांगितलं जातं. आणि त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ‘मी तुझ्यासोबत आहे’. संकट येणारच नाही, असं आश्वासन त्यात नसतं. महाराष्ट्रात स्वामी समर्थांच्या फोटोखालचं वाक्य ज्यांना पाठ आहे, त्यांना हा धीर ओळखीचा वाटेल.

म्हणजे विश्वास असला की भीती वाटत नाही?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

शास्ते नावाच्या पुस्तकातल्या गिदोनचं उदाहरण घ्या. शत्रूच्या भीतीने हा माणूस लपून, द्राक्षं तुडवण्याच्या कुंडात गहू झोडत असतो. देव त्याला भिऊ नको असं सांगतो आणि गावातली बआल देवाची वेदी पाडायचं काम देतो. गिदोन ते करतो, पण रात्री. का? कारण त्याला घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटत होती. बायबलने हे लपवलेलं नाही. भीती होती, काम झालं. दोन्ही एकाच रात्री.

दावीद राजाच्या नावावर असलेल्या 56 व्या स्तोत्रातही तेच दिसतं. आपल्याला भीती वाटते हे तो आधी कबूल करतो आणि त्याच क्षणी देवावर भरवसा टाकायचं ठरवतो. भीती जाईल, मग भरवसा ठेवेन, असा क्रम तिथे नाही.

आणि स्वतः येशू? क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो कासावीस होतो, मित्रांना जागं राहायला सांगतो आणि हे दुःख टळावं अशी प्रार्थना करतो. शेवटी तो स्वतःला देवाच्या इच्छेवर सोपवतो. त्यामुळे ‘घाबरलास म्हणजे तुझा विश्वास कमी’ हे म्हणणं बायबलच्याच कसोटीवर टिकत नाही.

प्रत्यक्ष आयुष्यात हे कसं दिसतं?

याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे.

डिसेंबर 1955 मध्ये अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. नेतृत्व होतं तरुण पास्टर मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे. वय जेमतेम 26. घरी पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी. धमक्यांचे फोन रोजचेच झाले होते.

जानेवारी 1956 मधल्या एका रात्री असाच फोन आला आणि त्यांची झोप उडाली. ते स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली आणि भित्रा न ठरता यातून बाहेर कसं पडता येईल याचा विचार करू लागले. मग तिथेच टेबलावर बसून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. माझी ताकद संपलीय, मला भीती वाटतेय, अशी ती कबुली होती. सत्यासाठी उभा राहा, देव सोबत आहे, असं आतून जाणवलं, असं त्यांनी नंतर लिहिलं.

पुढे काय झालं? काही दिवसांतच, 30 जानेवारीला, त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. पत्नी आणि मुलगी वाचल्या. घरासमोर संतापलेला जमाव जमला, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंग यांनी त्यांना शांतपणे घरी पाठवलं. बहिष्कार 381 दिवस चालला आणि बसमधला वर्णभेद संपला. 1968 मध्ये मात्र किंग यांची हत्या झाली.

म्हणजे त्या रात्रीच्या प्रार्थनेने धोका टळला नाही. किंग मागे हटले नाहीत, हा बदल झाला.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. दुष्काळात स्वतःचे आईवडील गमावलेल्या रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आसरा दिला. इतक्या मुलींच्या खर्चाची ठरलेली तरतूद नव्हती. देव पुरवेल या भरवशावर त्यांनी जबाबदारी घेतली आणि मग शेती, विहिरी, शिक्षण असं सगळं उभं केलं. भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, हे इथे दिसतं.

मग सतत भीती वाटत असेल तर फक्त प्रार्थना पुरेशी आहे?

याचं उत्तर बायबलमधल्याच एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत सापडतं. ईजबेल राणीने जिवे मारायची धमकी दिल्यावर तो रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणून रागावत नाही. तो त्याला खायला देतो, पाणी देतो, झोपू देतो. मग पुन्हा उठवून खायला देतो. पुढचं बोलणं त्यानंतर.

छातीत धडधड, झोप न लागणं, जगणं नको वाटणं हे दिवसेंदिवस चालू असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नव्हे. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, म्हणजे 14416 या नंबरवर, 24 तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं. जवळच्या कुणाची अशी अवस्था असेल, तर एलीयाच्या गोष्टीतला क्रम लक्षात ठेवा. आधी जेवण, झोप आणि सोबत. उपदेश नंतर.

थोडक्यात काय?

‘भिऊ नको’ 365 वेळा लिहिलेलं नाही. जिथे लिहिलंय तिथे ते घाबरलेल्या माणसांसाठी लिहिलंय. ख्रिस्ती जीवनात विश्वास म्हणजे भीतीचा अभाव नाही. भीती वाटत असतानाही आपण एकटे नाही हे मानून पुढचं पाऊल टाकणं, मग ते गिदोनसारखं रात्रीच्या अंधारात टाकलेलं का असेना.

पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर 365 चा आकडा काढून टाका. आणि ज्याला पाठवताय, त्याला एक फोनही करा.