अंड्याविना डोनट

चिखली-मेहकरकडे सोयाबीन उदंड पिकतं आणि बहुतेक तेल गाळायला जातं. त्यातलं मूठभर डोनटसाठी ठेवा. यीस्टच्या डोनटला आकार देतं ते मैद्यातलं ग्लुटेन. अंडं तिथे दुय्यमच. अंड्यातलं लेसिथिन आणि प्रथिनं सोयादुधातही असतात. मात्र भिजवलेले दाणे उकळत्या पाण्यातच वाटा. थंड पाण्यात लिपॉक्सिजिनेज हे विकर दाण्यातल्या तेलावर काम करून तो कच्चट वास आणतं. मग दूध नीट उकळा. कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिनरोधक पचन अडवतात. यीस्ट घालायचं ते दूध कोमट झाल्यावरच, ६० अंशांच्या आसपास ते मरतं. ओव्हनमध्ये १९० अंशांवर भाजा (तळणीचा खमंगपणा येणार नाही, हे आधीच सांगतो). पिठीसाखरेचा लेप गरम डोनटवरून ओघळतो. कोमट डोनटवर पाणी उडून त्याचा बारीक स्फटिकांचा पापुद्रा धरतो.