आजीला भाकर, नातवाला वरण : अमरावती-अकोल्याच्या हॉटेलांचा आढावा

ज्या हॉटेलात म्हातारीला गरम भाकर आणि लहान पोराला साधं वरण-भात मिळत नाही, त्या हॉटेलाने पाटीवर ‘फॅमिली’ हा शब्द लिहू नये. हे माझं जुनं म्हणणं आहे आणि त्यावरून मी बऱ्याच जणांशी भांडलो आहे. यंदा संपादकांनी अमरावती-अकोल्याच्या हॉटेलांवर लिहा म्हटलं, तेव्हा मुलगा, सून, नातवंडं आणि दात गेलेली मावशी अशी सगळी वरात घेऊनच हिंडलो. एकटा माणूस आवडीचं मागवतो, खातो आणि निघतो. त्यातून हॉटेल कळत नाही. घरची सात-आठ माणसं बसली की एकाला तिखट सोसत नाही, एकीची चतुर्थी असते, एकाला ताकच लागतं आणि धाकट्याला झोप आलेली असते. स्वयंपाकघराची परीक्षा तिथे होते.

विदर्भ म्हटला की नागपूरकडची लेखक मंडळी सावजीचं ताट पुढे करतात आणि पुण्या-मुंबईच्या पुरवण्या ते तसंच छापतात. सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचं जेवण. ते थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वर्धा नदी ओलांडून अलीकडे आलं की ताट बदलतं. इथे ज्वारी, तूर, वांगं, ताक, जवस आणि अंबाडी यांचं राज्य. तिखट असतं ते ताटाच्या कडेला, ठेच्यात. ज्याला झेपेल त्याने घ्यावं. फोडणीचं वरण, गोळ्यांची कढी, फुणके, बेसन-भाकर, हिवाळ्यात तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी, यातलं काहीही जीभ भाजणारं नाही. ‘अस्सल वऱ्हाडी’ अशी पाटी लावून प्रत्येक भाजीवर बोटभर लाल तर्री ओतणाऱ्यांनी, आणि त्यांचं कौतुक छापणाऱ्यांनी, एका अख्ख्या पिढीचा समज बिघडवला. माझ्या नातवाला वऱ्हाडी जेवण म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारं जेवण वाटतं. हे त्याच्या आजीच्या चुलीला धरून नाही.

ही दोन्ही शहरं कापसाच्या पैशावर वाढली. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेला, पुढे रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, मारवाडी-गुजराती व्यापारी स्थिरावले आणि त्यांच्या मुनीम-गुमास्त्यांसाठी बासे निघाले. पातळ फुलके, तूप, वरण, एक सुकी भाजी. पुढे शिकायला आलेल्या मुलांसाठी महिन्याच्या हिशेबाच्या खानावळी आल्या. हे सगळं पुरुषांचं जेवण. घरच्या बायांनी हॉटेलात जाऊन बसणं शोभत नाही, असंच मानलं जाई. ती अडचण उडप्यांनी सोडवली. हॉटेलाच्या मागच्या बाजूला लाकडी फळ्यांचे खण, त्यांना पडदे, वर ‘फॅमिली रूम’ अशी अक्षरं. सिनेमा सुटल्यावर वडील आम्हाला तिथे नेत. आई पडद्याकडे पाठ करून बसे, डोसा खाई आणि उरलेली चटणी वाया जाऊ नये म्हणून पोऱ्याकडून एक इडली जास्तीची मागवून घेई. त्या पडद्यांना आज जुनाट म्हणतात. मी म्हणतो, वऱ्हाडातली बाई नवऱ्या-पोरांसोबत एका टेबलावर बसून पहिल्यांदा जेवली ती त्या पडद्यामागे. तिथे वाढणाऱ्याला माहीत असे की पोराला सांबार सोसणार नाही, म्हणून तो न मागता साखर आणून ठेवी.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं मी भराभर ओलांडतो. पनीर आलं, तंदूर आला, चायनीजच्या गाड्या आल्या, कोफ्त्यापासून काजूकरीपर्यंत सगळ्यांना एकच रस्सा लागू झाला. यावर लिहिण्यासारखं फारसं नाही.

बाहेरच्या खाण्यात अमरावतीने स्वतःचं म्हणावं असं दिलं ते गिला वडा. राजकमल, जयस्तंभ या चौकांच्या बाजूने संध्याकाळी निघालात तर गाडीपाशी उभी असलेली माणसं बघा. नवरा-बायको, मधे शाळकरी पोर, स्कूटरवर मागे बसलेली आजी. उडदाच्या डाळीचा वडा तळून मुरवलेला, इतका मऊ की चमच्याच्या कडेने तुटतो. त्यावर दही, चिंचेची गोड चटणी, हिरवी चटणी आणि शेवटी लाल तिखट. हे लाल तिखट किती घालायचं ते गाडीवाला विचारतो, आणि सगळं मोल या विचारण्यात आहे. पोराचा वडा पांढरा राहतो, बापाचा लाल होतो, आजीला दही जास्त. एकाच परातीतून तिन्ही पिढ्यांचं भागतं. ज्यांना गिला वडा म्हणजे दहीवड्याचीच एक तऱ्हा वाटते, त्यांनी तो थंडगार काचेच्या वाटीत खाल्लेला असतो. गाडीवर उभं राहून खाल्लेला नसतो. त्याच शहरात रघुवीरच्या दुकानातून कचोरी-समोसा बांधून घरी नेणं हाही एक कौटुंबिक रिवाज आहे, आणि समोशावर कढी ओतून खाण्याची इथली तऱ्हा मला चटणीपेक्षा शतपटीने मानवते. शेगावच्या स्टेशनवर तीरथराम शर्मा यांनी सुरू केलेल्या कचोरीबद्दल सगळ्यांनी लिहून झालं आहे. माझी त्यात एवढीच भर, की गाडीतून प्रवास करणाऱ्या लहान मुलांना चालेल असं ते खाणं आहे, आणि म्हणूनच ते टिकलं.

अकोल्यात उन्हाळ्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या वर गेला की शहर दिवसा घरात असतं आणि रात्री रस्त्यावर. रसवंती, कुल्फी, आलुबोंडा, दाण्यांचा चिवडा. कुटुंबं नऊनंतर निघतात आणि साडेअकराला परततात. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजेश्वर मंदिरात येतात, तेव्हा त्या वाटेवरची गूळपट्टी घराघरात येते. अकोला हे डाळ मिलांचं गाव. इथल्या तुरीच्या डाळीचं वरण नुसतं हळद-हिंगावर शिजवलं तरी दुसरं काही लागत नाही. मोर्णेकाठच्या जुन्या शहरात मी लहानपणी ज्या भोजनालयात जेवायचो, तिथे वरणाचं पातेलं कायम चुलीच्या कडेला असे आणि वाढणाऱ्या बाई लेकराच्या भातावर पहिलं तूप स्वतःच्या हाताने घालत. “घे माय, पहिले पांढरं खाय, मंग लाल,” असं म्हणत. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, आणि इथे मी घाई करणार नाही.

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. त्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं आणि गॅसवर भाजलेलं वांगं यांना एकाच नावाने हाक मारणं मला पटत नाही. पऱ्हाटी भसकन पेटते आणि लगेच निखारा होते. वांग्याचं साल जळतं, आतला गर आपल्याच पाण्यात शिजतो आणि धूर देठापर्यंत शिरतो. मग ते लाकडी बडजीत ठेचायचं, त्यात भाजलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, लसूण, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, शेंगदाणे, वरून कच्चं तेल. हे भरीत हॉटेलात आणावं म्हणून मी वर्षानुवर्षं लिहितो आहे. शहराबाहेरच्या रस्त्यावरच्या काही ढाब्यांनी ते हिवाळ्यापुरतं आणलं, आणि नोव्हेंबर ते जानेवारी तिथे रविवारी जागा मिळत नाही. लोकांना हे नको असतं, असं म्हणणाऱ्या हॉटेलमालकांनी एखाद्या रविवारी तिथे येऊन रांग बघावी.

आणि रोडगे. गव्हाचं जाडसर, रवाळ पीठ मीठ-ओवा आणि तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं. लहान पारी करून तिला तेल लावायचं, तिच्यावर दुसरी मोठी पारी, तिच्यावर तिसरी, असे एकावर एक पदर चढवत मुठीएवढा किंवा त्याहून मोठा गोळा बांधायचा. गोवऱ्यांचा ढीग पेटवून त्याची धग बसली की हे गोळे त्या राखेत पुरायचे. मधेच एकदा उलटायचे. बाहेर काढून कापडाने राख झटकायची आणि दोन्ही हातांनी दाबून फोडायचे. चांगल्या रोडग्याचे पदर कांद्यासारखे सुटतात आणि आतल्या पदरातून वाफ येते. त्यावर तूप, शेजारी आलू-वांग्याची भाजी आणि वरण. वरचं खरपूस कवच दात असणाऱ्यांनी खायचं, आतला मऊ गाभा वरणात कुस्करून म्हाताऱ्यांना आणि पोरांना द्यायचा. एकाच रोडग्यात सगळं घर जेवतं. पानगे, बट्टी ही त्याची भावंडं. मी त्यांचाही चाहता आहे. पण ओव्हनमध्ये भाजलेला गोळा रोडगा म्हणून विकणाऱ्यांशी माझी तडजोड होणार नाही. त्याला पदर सुटत नाहीत आणि गोवरीचा वास नसतो.

रोडग्याचं माहेर बघायचं तर बहिरमला जावं. सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही यात्रा भरते आणि महिनाभराहून जास्त चालते. मातीच्या हंडीत शिजलेलं मटण आणि गोवऱ्यांवरचे रोडगे यासाठी लांबलांबून माणसं येतात. गाडगेबाबांनी नवसाच्या बळींविरुद्ध इथे लोकांना समजावलं. खाणं मात्र राहिलं आणि राहणारच. कुटुंबं राहुट्या ठोकून मुक्काम करत, बाया भाज्या शिजवत, पुरुष हंडी सांभाळत. आता बहुतेक जण तयार हंडी सांगतात आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जेवतात. मला त्याचंही काही वाटत नाही. मटण अजून हंडीतच शिजतं. शाकाहारी घरांनीही जावं, वांग्याची भाजी आणि रोडगे मिळतात.

वऱ्हाडातलं सगळ्यात मोठं कुटुंब-भोजन मात्र कुठल्याच हॉटेलात होत नाही, ते शेगावला होतं. गजानन महाराजांच्या संस्थानात रोज पंगती उठतात, महाप्रसादाला पैसे नाहीत, सेवेकरी हात जोडून वाढतात आणि जमीन इतकी स्वच्छ की तान्हं मूल खाली सोडावं. महाराज १८७८ मध्ये शेगावात प्रकटले. त्या प्रकटदिनाला घरोघरी पिठलं-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य असतो. गरिबाच्या चुलीवरचं हे ताट लाखो घरांत मानाने वाढलं जातं. ज्यांना बेसन-भाकर पाहुण्यांपुढे ठेवायला लाज वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता हायवे. अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना भागात २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता उत्तम आहे, मी रोज त्याचे आभार मानतो. पण जुन्या दुपदरी रस्त्यावर मूर्तिजापूर, बोरगाव मंजूच्या आसपास खाटा टाकलेले जे ढाबे होते, त्यांच्या जागी काचेची, दिव्यांची, खेळण्यांच्या घसरगुंड्यांची रेस्टॉरंटं आली. अशाच एकात आम्ही यंदा मावशीला घेऊन बसलो. मेनूकार्ड पुस्तकाएवढं, भाकर ‘ऑर्डरप्रमाणे’. चाळीस मिनिटांनी आली ती गार आणि चिवट. मावशीने ती चहात बुडवून खाल्ली. नातवासाठी बिनतिखटाचं वरण मागितलं तर मॅनेजर म्हणाला, दाल तडका मिळेल. तूर डाळीच्या मुलखात, डाळ मिलांच्या दारात, लेकराला साधं वरण मिळू नये, याचा मला राग आहे आणि तो मी इथे लिहून ठेवतो.

भाकर अशी दुर्मीळ आणि महाग का झाली, याला कारणं आहेत. नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने वऱ्हाडातल्या ज्वारीची शेतं खाल्ली. उरल्यासुरल्या ज्वारीवर रानडुकरं आणि पाखरं. पेरणारा कमी, म्हणून दाणा महाग. शिवाय भाकर हाताने थापावी लागते, ती तव्यावरून थेट ताटात पडावी लागते, त्यासाठी चुलीपाशी बसणारी बाई हवी आणि तिला पुरेशी मजुरी हवी. १९९५ नंतर सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची केंद्रं काढली. त्यातली कितीतरी पुढे चहा-सिगारेटची टपरी झाली. २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ ज्वारीवर काम करतं आहे, आणि तरीही शहरातल्या मोठ्या हॉटेलात नान पाच मिनिटांत येते, भाकरीला पाऊण तास लागतो. यात हॉटेलवाल्यांचा दोष आहे, तसा आपलाही आहे. आपण पाहुण्यांसमोर पनीर मागवतो आणि भाकरीचं नाव काढत नाही.

हॉटेलमालकांना माझं सांगणं थोडं आहे. चुलीपाशी भाकर थापणारी एक बाई ठेवा, बचत गटातल्या कितीतरी बाया तयार आहेत. कार्डावर ‘साधं वरण-भात, तूप’ ही ओळ छापा आणि त्याचे पैसे नीट लावा, आम्ही देऊ. ताक ग्लासात मोजून नको, तांब्याने ठेवा. आणि तर्री वेगळ्या वाटीत द्या.

वाचकहो, तुम्ही पुढच्या वेळी सहकुटुंब जाल तेव्हा बसल्या-बसल्या आधी भाकर सांगा, पनीर नंतर. नाही म्हणाले तर मालकाला बोलावून सांगा की आम्ही भाकरीसाठी आलो होतो. आणि २० डिसेंबरच्या सुमारास बहिरमची यात्रा सुरू होते. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेऊन जा, दुपारी लवकर पोचा, आणि रोडगे गोवऱ्यांवरचेच मागा.