उजनीच्या काठावर घडीचा तंबू

उजनीचे पाणी आपण सोलापूरकर नळातून पितो. सुट्टीत मात्र बरीच कुटुंबे गळ, जेवणाचे डबे आणि मुलाबाळांसह थेट त्या पाण्याच्या काठावर जाऊन बसतात. चिलापी, रोहू गळाला लागो न लागो, दिवस बरा जातो. अलीकडे सामानात घडीचा तंबूही असतो. भर उन्हात लहान मुलांना सावली मिळते, बायकांना निवांत जोहर पढता येते. प्रवासात उचलायला हलक्या असलेल्या कातडी तंबूंचा उल्लेख कुरआनात नेमतींमध्येच आहे (सूरह नहल, आयत ८०).

कॅनडा, फिनलंडमध्ये गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणारे असेच तंबू बर्फावर उभारतात. त्यांना थंडी अडवायची असते, आपल्याला ऊन. वाऱ्याशी झुंज मात्र दोघांचीही.

तंबू छत्रीसारखा दोन मिनिटांत उघडतो, म्हणून लोक तो नुसता ठेवून देतात. खरे काम खुंट्यांचे आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी काळी माती वर तडकलेली आणि आत ओली असते. तिथे तंबूसोबत मिळणाऱ्या वीतभर खुंट्या टिकत नाहीत, पायही रुततो. म्हणून जागा पाण्यापासून लांब, उंच आणि कोरडी घ्यावी. हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या न्याव्यात आणि डोके तंबूपासून बाहेर झुकवून ठोकाव्यात. दोरी व खुंटी यांच्यात साधारण काटकोन व्हावा. (भूमितीचा कंटाळा करणाऱ्या मुलांकडून हे काम जरूर करून घ्या!) तरीही खुंटी हलली तर पोत्यात माती भरून ते फूटभर खोल पुरावे आणि दोरी त्याला बांधावी.

दार वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवावे. बर्फावरचे लोक तंबूच्या खालच्या झालरीवर बर्फ लोटतात, आपण माती लोटायची. पण फक्त वाऱ्याच्या बाजूने. दुसरीकडून हवा खेळली नाही तर आत भट्टी होते. रात्री मुक्काम असेल तर फज्रच्या वेळी दोऱ्या तपासाव्यात. दवाने नायलॉनची दोरी सैल पडते, सुती दोरी आखडते. शेगडी किंवा स्टोव्ह आत मुळीच नको. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

वळवाच्या दिवसांत मात्र कितीही पक्का तंबू पुरेसा नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. दुपारनंतर ढग काळवंडले, वारा एकदम पडला किंवा फिरला, की मासा गळाला असला तरी उठावे. आधी मुले गाडीत, मग तंबूची घडी. उघड्या माळावर विजेपासून तंबू वाचवत नाही.

घरी आल्यावर तो गच्चीवर वाळवूनच पिशवीत भरावा. ओला ठेवला तर आठवड्यात बुरशीचा वास धरतो आणि शिवणीही कुजू लागतात.