वेळेवर म्हणजे किती वेळेवर?

मुंबई-गोवा महामार्गावर पेणजवळ रामवाडीचे एसटी स्थानक लागते. तिथे येणाऱ्या नव्या गाडीत इंजिनाच्या जोडीला एक छोटा संगणकही ड्युटीवर असतो. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि धुराचे हे कडक नियम पाळायचे तर डिझेलच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायला संगणकच हवा.

या संगणकाचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला कुठल्या ना कुठल्या सिलिंडरला फवारा द्यावा लागतो. इंजिन थंड ठेवणारे पाणी मात्र सावकाश तापते. ते सेकंदाला एकदा पाहिले तरी पुरते. कामे अनेक, प्रत्येकाची लय निराळी आणि करणारा एकटा!

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे ओळखीचे वाटते. टोकन घेतलेला खातेदार मिनिटे मोजायचा, रोकड रोज संध्याकाळी जुळवायची, बचत खात्याचे व्याज सहामाहीला. पण तिथे उशीर झालाच तर रात्री दिवा लावून बसता येई. इंजिनातला फवारा हुकला की हुकलाच. म्हणून इथे नुसत्या वेगाला किंमत नाही. वेळ पाळण्याला आहे.

१९७३ साली सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी यासाठी साधा नियम मांडला. ज्या कामाची पाळी वारंवार येते, त्याला अग्रक्रम. कामे एकमेकांवर अवलंबून नसतील आणि एकूण भार क्षमतेच्या सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर एकही मुदत चुकणार नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले.

पण कामे एकमेकांत अडकली तर? समजा, मॅनेजरला हवी असलेली खातेवही कनिष्ठ कारकुनाच्या हाती आहे आणि मधल्याच अधिकाऱ्याने त्याला आपल्या लांबलचक कामाला जुंपले. सगळ्यात वरचा माणूस ताटकळत बसतो! ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानात हेच घडले. हवामानाच्या किरकोळ कामाने सामायिक साधन अडवले, मधल्या कामांनी त्याला पुढे सरकू दिले नाही आणि मुख्य काम खोळंबले. यानाचा संगणक पुन:पुन्हा बंद होऊन नव्याने सुरू होऊ लागला.

यावरचा उपाय लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांच्या १९९० सालच्या निबंधात होता. वही ज्याच्या हाती, त्याला ती परत करेपर्यंत मॅनेजरचा दर्जा द्यायचा. यानात ही सोय होती, पण बंद ठेवलेली; ती पृथ्वीवरून चालू केली गेली.

दिवस काठोकाठ भरणे म्हणजे कार्यक्षमता, असे आपण मानत आलो. वेळ पाळण्याची हमी द्यायची, तर थोडी सवड राखून ठेवावी लागते आणि वाट अडवून बसलेल्या धाकट्यावर ओरडण्याऐवजी आधी त्याचे काम संपवू द्यावे लागते. घाटातल्या गाडीत निर्धास्त डोळा लागलेल्या प्रवाशाला हा हिशेब ठाऊक नसतो. त्याला तो ठाऊक असायची गरज पडू नये, यातच त्या हिशेबाचे यश आहे.