विहिरीतली बुडी आणि समुद्रातली बुडी

मराठवाड्याला समुद्र नाही. लातूर शहराला तर २०१६ च्या उन्हाळ्यात पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. अशा भागात समुद्रातल्या बुडीविषयी बोलणे कशाला, असे कोणी विचारील तर ते वावगे नाही. पण नांदेड-लातूरची तरुण मंडळी आता सुटीत मालवणला जातात आणि पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्यात उतरतात. या बुडीला 'स्कूबा' म्हणतात. तिचे शास्त्र आपण समजून घेतले पाहिजे. कारण विहिरीत गिरवलेला एक धडा तेथे नेमका उलटा होतो.

आपल्याकडची मुले पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. पुढे छाती भरून हवा घ्यायची, दम कोंडायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे, ही त्यांची परीक्षा. यात फुप्फुसाला अपाय का होत नाही? पाण्यात दर १० मीटरांना, म्हणजे सुमारे पाच परसांना, एका वातावरणाइतका दाब वाढतो. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम होय. काठावर घेतलेली हवा खाली आकसते आणि वर येताना पुन्हा पहिल्याइतकी होते. त्याहून अधिक फुगत नाही.

स्कूबाची गोष्ट निराळी आहे. १९४३ मध्ये फ्रेंच नौदलातील अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी असे साधन सिद्ध केले, की बुडणाऱ्याला भोवतीच्या दाबाचीच हवा तोंडात मिळावी. नळकांड्यात निव्वळ ऑक्सिजन असतो असा पुष्कळांचा समज आहे. सामान्यतः त्यात साधी हवाच दाबून भरलेली असते. आता १० मीटरांवर छातीभर घेतलेला श्वास कोंडून कोणी झटकन वर आला, तर ती हवा दुप्पट होऊ पाहते. छाती तेवढी फुगत नाही, फुप्फुस फाटते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा : श्वास कधीही कोंडू नये. घाबरल्यावरही घ्यावा आणि सोडावा, आणि वर येणे सावकाश असावे.

दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात व शरीरात विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच बुडबुडे उसळतात, तसेच दाब एकदम उतरला तर शरीरात होते. म्हणूनच एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असे सांगतात. आपल्याला विमान नसले तरी घाट आहे. मालवणहून परतताना सह्याद्री चढावाच लागतो, आणि आंबोलीसारखे ठिकाण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. तेव्हा बुडी आटोपून त्याच पावली घाट चढू नये. रात्रभर मुक्काम करावा.

मग जावे कोठे? आरंभ मालवणात करावा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या आसपास उथळ पाण्यात खडक, प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. येथे नवख्याला प्रशिक्षक हाताला धरून नेतो. मात्र कर्लीसारख्या नद्या गाळ आणतात, त्यामुळे पाणी नेहमी नितळ नसते. पावसाळ्यात तर हे सारे बंदच असते. रीतसर शिक्षण घेतल्यावर गोव्याचे ग्रांदे बेट, मुरुडेश्वरासमोरचे नेत्राणी, आणि पुढे अंदमानचे स्वराज द्वीप पाहावे. लक्षद्वीपला जाण्यास परवाना लागतो. पण त्या प्रवाळबेटांवर नदी नाही, म्हणून गाळही नाही आणि पाणी आरशासारखे. त्याहून मोठी हौस असेल त्याला ऑस्ट्रेलियाची सुमारे २,३०० किलोमीटरांची प्रवाळरांग आहेच.

कोठेही गेलो तरी उतरण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नये, कारण कानातला दाब सारखा करता येत नाही. एरवी नाक चिमटीत धरून हलके फुंकले की कान मोकळे होतात; न झाल्यास आणखी खाली जाऊ नये. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मागावे, खुणा आधी शिकाव्यात, प्रवाळाला हात लावू नये. आणि मन कचरले तर सरळ नाही म्हणावे. पैसे भरले आहेत, सोबती हसतील, म्हणून पाण्यात उतरणे हे धाडस नव्हे. समुद्र उद्याही तेथेच असणार आहे.