गार्ड कसा घडतो: शार्लट ते डेव्हिडसन

बास्केटबॉलच्या संघात गार्ड हा बहुधा सर्वांत बुटका खेळाडू असतो आणि चेंडू सर्वांत जास्त वेळ त्याच्याच हातात असतो. अमेरिकेत शाळेच्या संघातून चमकणारे असे गार्ड गावोगावी सापडतात. कॉलेजच्या अव्वल दर्जापर्यंत त्यांतले फार थोडे पोहोचतात. मधल्या पायरीवर नेमकं काय बदलतं, हे समजून घ्यायचं तर स्टीफन करीची 2004 ते 2009 ही पाच वर्षं पाहावीत. एनबीएमधलं त्याचं यश सर्वांना माहीत आहे. मला जास्त मोलाची वाटतात ती ही आधीची वर्षं.

शार्लट ख्रिश्चन शाळेत असताना करी चेंडू कमरेजवळून वर ढकलायचा. अंगात ताकद कमी असलेली मुलं असंच करतात. गुडघे वाकवायचे आणि पायांचा जोर लावून चेंडू खालून वर भिरकवायचा, म्हणजे तो दहा फुटांवरच्या रिंगपर्यंत जातो. समोरचा मुलगाही लहानखुरा असतो, त्यामुळे शाळेत हे खपून जातं. कॉलेजात समोर लांब हातांचा, सव्वासहा फुटी गार्ड उभा राहिला, की कमरेपासून डोक्यापर्यंत येईस्तोवरच चेंडू अडवला जाणार.

वडील डेल करी एनबीएत सोळा हंगाम खेळलेले, लांबून नेम साधण्यात नावाजलेले. 2004च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलाची सगळी पद्धत मोडून नव्याने बसवली. चेंडू आता कपाळाच्या वरून सुटायला हवा होता. ऐकायला सोपं वाटतं; पण हात वर गेले की मनगट, कोपर, उडीची वेळ, सगळ्यांचा मेळ पुन्हा जुळवावा लागतो. लांबून चेंडू पोहोचेनाच, म्हणून कित्येक आठवडे तो रिंगच्या जवळूनच मारत राहिला. त्या उन्हाळ्यात तो अनेकदा रडला, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे. त्यातून जो नेम तयार झाला त्याची खुबी अशी की उडीच्या टोकाला पोहोचण्याची वाट न पाहता, वर जातानाच चेंडू हातातून सुटतो. अडवणाऱ्याचा हात वर येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो.

तरीही मोठ्या विद्यापीठांनी त्याला घेतलं नाही. त्या काळी अव्वल दर्जाच्या पुरुष संघाला जास्तीत जास्त 13 शिष्यवृत्त्या देता येत. मोजक्या जागांसाठी प्रशिक्षक आधी उंची आणि अंगपिंड पाहतात, आणि करी होता जेमतेम सहा फुटी, सुमारे 72 किलोंचा. आईवडील ज्या व्हर्जिनिया टेकसाठी खेळले, तिथूनही शिष्यवृत्ती मिळाली नाही. संघात ये, पण पहिलं वर्ष सामने न खेळता सराव कर, एवढीच तयारी त्यांनी दाखवली. शार्लटच्या उत्तरेला काही मैलांवर डेव्हिडसन हे दोन हजारांहून कमी विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे. तिथले तेव्हाचे प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी मात्र त्याला मनापासून मागितलं.

नोव्हेंबर 2006मध्ये ईस्टर्न मिशिगनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात करीने 15 गुण मिळवले आणि तब्बल 13 वेळा चेंडू गमावला. शाळेत जो पास सहज पोहोचतो, तोच कॉलेजात मध्येच कुणाच्या तरी हाती लागतो. तिथे दोन खेळाडूंमधली फट फार लवकर बुजते. मॅकिलॉप यांनी त्याला बाकावर बसवून ठेवलं नाही. पुढच्याच सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने 32 गुण काढले आणि हंगामअखेर 122 थ्री-पॉइंटर (लांबून साधलेले तीन गुणांचे नेम), पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा तेव्हाचा विक्रम. मोठ्या संघात अशा सुरुवातीनंतर दुसऱ्याच दिवशी ही संधी मिळाली असती का, याची मला शंका आहे.

या यशामागे मांडणीही होती. चेंडू पुढे न्यायचं काम सहकारी जेसन रिचर्ड्सकडे. करी चेंडूविना धावत राहायचा. सहकारी भिंतीसारखा उभा राहून बचावपटूला अडवतो, याला स्क्रीन म्हणतात. करी त्या स्क्रीनला खांदा घासून वळायचा आणि पास येताच मारायचा. बचावपटू अर्धं पाऊल मागे पडला तरी पुरे. 2008च्या एनसीएए या कॉलेज संघांच्या स्पर्धेत दहावं मानांकन असलेल्या डेव्हिडसनने याच खेळावर गोंझागाला हरवलं, त्यात करीचे 40 गुण होते. कॉलेजचा या स्पर्धेतला 1969नंतरचा तो पहिला विजय. मग 17 गुणांची पिछाडी भरून काढत जॉर्जटाउन, त्यानंतर विस्कॉन्सिन. कॅन्ससविरुद्ध दोन गुणांनी मागे असताना शेवटच्या क्षणी दोघे अंगावर धावून आले, तेव्हा करीने रिचर्ड्सला पास दिला. त्याचा नेम चुकला आणि डेव्हिडसन 59-57 असं हरलं. मला तो पास बरोबरच वाटतो. दोघांनी घेरलेल्या गार्डने मोकळा सहकारी शोधायचाच असतो.

रिचर्ड्सचं शिक्षण संपल्यावर तिसऱ्या वर्षी करी स्वतः पॉइंट गार्ड झाला. आता चेंडूही त्याने न्यायचा आणि गुणही त्यानेच करायचे. लॉयोला संघाने एका सामन्यात सतत दोन खेळाडू त्याच्या मागे लावले. करी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, कारण दोघे तिथे अडकले की उरलेल्या चौघांसमोर तिघेच उरतात. त्याचे गुण शून्य, आणि डेव्हिडसन 30 गुणांनी विजयी. त्या हंगामात सरासरी 28.6 गुण काढून तो देशात पहिला आला. तेही थ्री-पॉइंटची रेषा त्याच वर्षी एक फूट मागे सरकलेली असताना.

2009च्या एनबीए निवडीत गोल्डन स्टेटने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या लगेच आधी पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर मिनेसोटाने रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन हे दोन पॉइंट गार्ड निवडले होते.