पाणी भाड्याने मिळेल!

छोटा टिलवा पाहिलाय का तुम्ही? वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम! उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियात जन्मलेले हे चिमुकले पक्षी हिवाळ्यात थेट आपल्या नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला येतात.

तिथे गोदावरी आणि कादवा भेटतात आणि जवळच ब्रिटिशांच्या काळातला दगडी बंधारा आहे. वर्षानुवर्षं गाळ साचून पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली आणि पक्ष्यांची चंगळ झाली! १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. २०२० मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आल्याची घोषणा झाली. हा मान मिळवणारं ते महाराष्ट्रातलं पहिलंच ठिकाण.

टिलव्याला मात्र कुठलंही पाणी चालत नाही हं. त्याचे पाय इवलेसे, त्यामुळे खोल पाण्यात चिखलातले किडे टिपणार कसे? थापट्या बदक मजेत पोहत, रुंद चोचीने पाणी गाळत खातं. आणि क्रौंच तर दाणे टिपायला सरळ शेतात उतरतात. अभयारण्याची हद्द पक्ष्यांना काय ठाऊक! पण शेत असतं कुणाच्या तरी पोटापाण्याचं. नुकसान शेतकऱ्यानेच का सोसायचं?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात यावर भन्नाट युक्ती निघाली. तिथल्या मोठ्या खोऱ्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त पाणथळ जागा नाहीशी झाली होती, पण भातखाचरं भरपूर होती. २०१४ मध्ये ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने शेतकऱ्यांना विचारलं, “पक्षी येतात तेवढे काही आठवडे खाचरांत थोडंसं पाणी ठेवाल? किती पैसे घ्याल?” प्रत्येकाने आपापला भाव सांगितला. संस्थेने पक्ष्यांच्या सोयीची आणि परवडणारी शेतं निवडली. जमीन विकत घ्यायची गरजच नाही! पक्षी पुढच्या प्रवासाला निघाले की पाणी काढून टाकायचं आणि शेतकरी पेरणीला मोकळा.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कोक्करेबेल्लूर गावात, करकोचे आणि पेलिकन लोकांच्या खासगी चिंचेच्या झाडांवर घरटी बांधतात. विष्ठेने चिंचा खराब होतात, म्हणून वनखातं झाडमालकांना भरपाई देतं. मला हे फार आवडतं. पक्ष्यांवर गावाची माया होतीच, पण म्हणून चिंचांचा तोटा झाडमालकांनी का सोसावा?

नांदूरच्या आसपासच्या शेतकऱ्यांनाही असं पाण्याचं भाडं मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण कुठल्या शेतात, कोणत्या आठवड्यात पाणी हवं, हे कळणार कसं? कॅलिफोर्नियात ते कळलं हौशी पक्षीनिरीक्षकांच्या हजारो नोंदींवरून. तेव्हा या हिवाळ्यात नांदूरला जाल, तेव्हा दुर्बिणीबरोबर वहीही घ्या. तारीख, वेळ, जागा, पक्षी कोणता, किती दिसले आणि पाणी उथळ होतं की खोल, सगळं लिहा. टिलवा दिसला, तर आम्हाला नक्की कळवा!